हत्यारांचा हिशेब आणि कामगाराचा वेळ

कारखान्यातील हत्यारांची व्यवस्था हा विषय पक्षाच्या साप्ताहिकात चर्चेला यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. वेतन, बोनस, टाळेबंदी, कंत्राटी पद्धत हे प्रश्न कामगार चळवळीचे. लेथवरचे हत्यार केव्हा बदलावे, त्याला धार कोणी लावावी आणि टूल-स्टोअरच्या खिडकीवर किती कारकून असावेत हे प्रश्न इंजिनिअरांचे, अशी वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे. मालकवर्गाला ती सोयीची आहे यात आश्चर्य नाही. कामगार संघटनांनीही ती निमूटपणे मान्य केली, हे मात्र चिंतेचे आहे. कारण हत्यारांच्या व्यवस्थेचे निर्णय आता संगणकावर कारखान्याचे प्रतिरूप चालवून घेतले जातात, आणि त्या प्रतिरूपात कामगाराच्या वेळेची जी किंमत धरली जाते ती कोणत्याही वेतनकरारात लिहिलेली नसते. ती कोण ठरवतो, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

यंत्र धातू कापीत नाही, हत्यार कापते. लेथ कितीही महागडा असला तरी त्याच्या टोकाशी असलेला बोटाएवढा तुकडा बोथट झाला की सारे यंत्र निरुपयोगी होऊन उभे राहते. मध्यम आकाराच्या यंत्रशाळेतही ड्रिल, टॅप, रीमर, मिलिंग कटर, कार्बाइडचे इन्सर्ट, त्यांचे होल्डर आणि मोजमापाची गेजेस अशी हजारो नग हत्यारे फिरत असतात. त्यांतील प्रत्येक नग झिजतो, धारेसाठी जातो, परत येतो, हरवतो, मोडतो. कामगाराने आपला पितळी बिल्ला खिडकीवर द्यायचा, हत्यार घ्यायचे आणि काम संपल्यावर ते परत करून बिल्ला सोडवायचा, ही पद्धत जुन्या कारखान्यांत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या खिडकीपुढची रांगही ठाऊक आहे. तिचा हिशेब मात्र कामगाराने कधी मागितला नाही.

हा हिशेब प्रथम मांडला तो अमेरिकेत, आणि तो कामगाराच्या बाजूने मांडलेला नव्हता. फ्रेडरिक विन्स्लो टेलर याने फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८० साली धातू कापण्याचे प्रयोग सुरू केले आणि २६ वर्षे ते निरनिराळ्या कारखान्यांतून चालविले. त्याच्याच सांगण्याप्रमाणे नोंदलेल्या प्रयोगांची संख्या ३० ते ५० हजारांच्या घरात होती आणि त्यांपायी ८ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ३६० टन लोखंड-पोलादाचा भुगा झाला. १९०६ साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे अध्यक्ष या नात्याने त्याने हे सारे मांडले. दरम्यान बेथलेहेम येथे मॉन्सेल व्हाइट याच्यासह त्याने हायस्पीड स्टीलच्या हत्यारांवर प्रक्रिया करण्याची रीत बसविली होती. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात लाल होईपर्यंत तापूनही कापीत राहणारी ती हत्यारे पाहून युरोपातले इंजिनिअर थक्क झाले.

या कामाचा एक भाग निर्विवाद मोलाचा आहे. त्यापूर्वी प्रत्येक कामगार आपल्या हत्याराला आपल्या समजुतीप्रमाणे धार लावीत असे. कोणाचा कोन कसा, कोणाचा कसा. टेलरने धारेचे आकार ठरवून दिले, धार लावण्याचे काम एका जागी आणले आणि टूल-रूमला कारखान्यात मानाचे स्थान दिले. पण त्याच हाताने त्याने आणखी एक गोष्ट केली. हत्यार कसे चालते, केव्हा थकते, किती सोसते याविषयीचे जे ज्ञान कारागिराच्या हातात, कानात आणि डोळ्यांत होते ते काढून नियोजन कचेरीच्या तक्त्यांत आणि कार्ल बार्थ या त्याच्या सहकाऱ्याने बनविलेल्या गणनपट्टीवर नेऊन ठेवले. कारागिराने विचार करू नये, सांगितलेल्या वेगाने यंत्र चालवावे, अशी ही योजना होती. १९११ साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रशाळेत ओतकाम करणाऱ्यांनी स्टॉपवॉचविरुद्ध संप केला तो याच पद्धतीविरुद्धचा होता. (डाव्या विचारवंतांनीही टेलरविषयी एकच भूमिका घेतली असे नाही. १९१४ साली या पद्धतीला यंत्राने केलेली माणसाची गुलामी ठरविणाऱ्या लेनिनने १९१८ साली रशियात तिचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. सत्ता हाती आली की स्टॉपवॉचकडे पाहण्याची दृष्टी बदलते, असे दिसते.)

टेलरच्या प्रयोगांतून निघालेले एक सूत्र आजही प्रत्येक अभियांत्रिकी विद्यालयात शिकविले जाते आणि कामगार कार्यकर्त्यांनी ते समजून घेण्यासारखे आहे. कापण्याचा वेग वाढविला की हत्याराचे आयुष्य घटते, हे कोणीही सांगेल. परंतु ते किती घटते याची कल्पना फार थोड्यांना असते. पाठ्यपुस्तकांत नेहमी दिले जाणारे घातांक घेतले तर हायस्पीड स्टीलच्या हत्याराचा वेग केवळ १० टक्क्यांनी वाढविल्यास त्याचे आयुष्य निम्म्याहून कमी होते. कार्बाइडचे आयुष्य तेवढ्याच वाढीने सुमारे एक-तृतीयांशाने घटते. वेग २० टक्क्यांनी वाढविला तर हायस्पीड स्टीलच्या हत्याराचे आयुष्य एक-चतुर्थांशाहूनही कमी उरते.

आता कारखान्यात काय घडते ते पाहावे. वरून उत्पादन वाढविण्याचा हुकूम येतो, नियोजन विभाग वेग थोडासा वाढवितो आणि महिनाअखेर हत्यारांचा खप दुप्पट झालेला दिसतो. बोथट हत्यार वेळेवर बदलले गेले नाही तर ते मोडते, नगही वाया जातो. मग फोरमन यादी काढतो आणि त्या यादीत वेग वाढविणाऱ्याचे नाव नसते. ज्याच्या यंत्रावर हत्यारे मोडली त्या कामगाराचे असते. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने कामगाराच्या ताब्यात दिलेल्या वस्तूची हानी त्याच्या निष्काळजीपणामुळे झाल्यास वेतनातून कपात करण्याची मुभा मालकाला दिली होती. कारण दाखविण्याची संधी कामगाराला दिली पाहिजे, अशी अटही त्यात होती. २०१९च्या वेतन संहितेतही ही मुभा आणि ही अट दोन्ही आल्या आहेत. परंतु कारण दाखवायचे म्हणजे काय दाखवायचे? वेग १० टक्क्यांनी वाढविला तेव्हा हत्यारे दुप्पट लागणारच होती, हे आकड्यांनिशी सांगता आले तर ते कारण होईल. ‘साहेब, माझी चूक नाही’ एवढेच म्हटले तर ती केवळ विनवणी राहते. कामगार प्रतिनिधीला टेलरचे सूत्र येणे उपयोगाचे आहे ते या अर्थाने.

हत्यारांच्या व्यवस्थेचा दुसरा भाग रांगेचा. त्याचे गणित टेलरच्या हाती नव्हते; ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अर्लांग या डेन्मार्कच्या गणितज्ञाने १९०९ पासून मांडले, आणि तेही टेलिफोनच्या तारांसाठी. १९५५ साली जॉर्जेस ब्रिगम याने ते बोइंगच्या विमान कारखान्यातील टूल-स्टोअरला लावले. तेथील परिस्थिती आपल्या कोणत्याही मोठ्या कारखान्यातल्यासारखीच होती. आमची माणसे खिडकीपुढे ताटकळतात अशी फोरमनांची तक्रार, तर वरचा खर्च कमी करण्यासाठी कारकून घटवावेत असे वरिष्ठांचे दडपण. ब्रिगमने माणसे किती अंतराने येतात आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो याची मोजदाद केली, कारकुनाचे वेतन आणि वाट पाहणाऱ्या कारागिराचे वेतन यांची तुलना केली आणि किती कारकून ठेवल्यास एकूण खर्च सर्वांत कमी होईल ते काढले. हे उदाहरण पुढे या शास्त्रात नेहमी सांगितले जाऊ लागले.

या गणिताचे मर्म साध्या आकड्यांनी ध्यानात येईल. समजा, एका खिडकीवर तासाला सरासरी १० कामगार येतात आणि प्रत्येकाचे काम करण्यास कारकुनाला सरासरी ५ मिनिटे लागतात. म्हणजे कारकून तासाला १२ जणांचे काम करू शकतो, येतात १० जण, तेव्हा रांग लागण्याचे कारण नाही, असे वरवर वाटते. माणसे घड्याळाच्या काट्याप्रमाणे सहा-सहा मिनिटांनी आली असती आणि प्रत्येकाला बरोबर पाचच मिनिटे लागली असती, तर खरोखरच रांग लागली नसती. पण माणसे तशी येत नाहीत. कधी दोन मिनिटांत तिघे येतात, कधी पाव तास कोणी फिरकत नाही. कोणाला एक ड्रिल हवे असते, कोणाला सगळा संच. या अनिश्चिततेचा हिशेब अर्लांगच्या पद्धतीने केला तर उत्तर असे येते की प्रत्येक कामगाराचा सरासरी अर्धा तास त्या खिडकीपाशी जाईल. आठ तासांच्या पाळीत ८० खेपा धरल्या तर ४० कामगार-तास. आता दुसरा कारकून बसवावा. खेपेचा सरासरी वेळ सहा मिनिटांवर येतो आणि ४० तासांचे जेमतेम ८ तास होतात. आठ तासांचे एक वेतन खर्चून ३२ तास वाचले.

यात कोणाचा आळस नाही, कोणाची बेशिस्त नाही. एकटा कारकून असतानाही तो सहापैकी एक भाग वेळ रिकामाच बसलेला असतो. दोन कारकून झाले की त्यांचा निम्म्याहून अधिक वेळ रिकामा जातो, आणि व्यवस्थापकाच्या डोळ्यांत खुपतो तो हा रिकामा कारकून. रांगेतले चार कामगार त्याला दिसत नाहीत, कारण ते निरनिराळ्या खात्यांचे असतात आणि त्यांचा वेळ कोणत्याही एका वहीत जमा होत नाही.

येथवर हा प्रश्न बुद्धीचा आहे, वर्गाचा नाही, असे वाटेल. ३२ तास वाचतात तर कोणता मालक दुसरा कारकून नाकारील? परंतु या हिशेबात एक आकडा गृहीत धरलेला आहे: वाट पाहणाऱ्या कामगाराच्या तासाची किंमत. कामगार जर मासिक वा दैनिक वेतनावर असेल तर त्याच्या ताटकळण्याचा पैसा मालकाच्या खिशातून जातो आणि उत्तर येते, दोन कारकून ठेवा. कामगार जर नगावर मजुरी घेत असेल, तर खिडकीपुढचा अर्धा तास त्याच्या स्वतःच्या मजुरीतून जातो. मालकाच्या वहीत त्या तासाची किंमत शून्य. यंत्र अडून राहिल्याचे नुकसान मालकाला होते हे खरे, पण ते यंत्र उत्पादनाच्या वाटेतली मुख्य अडचण नसेल तर तेही फारसे नाही. मग तेच गणित, तेच सूत्र, तोच संगणक निर्विकारपणे सांगतो, एक कारकून पुरे. गणितात चूक नाही. एका ओळीत एक शून्य लिहिले गेले, एवढेच.

सिम्युलेशनचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही समजण्यास हे उदाहरण पुरेसे आहे. अर्लांगची सूत्रे एका खिडकीपुरती चालतात. प्रत्यक्ष कारखान्यात ४० यंत्रे, हजारो हत्यारे, धार लावणारा विभाग, मध्येच बंद पडणारी यंत्रे, तातडीचे काम घेऊन धावत येणारा फोरमन, असा सारा गुंता असतो आणि तो कोणत्याही सूत्रात बसत नाही. तेव्हा संगणकातच एक कारखाना उभा करायचा, त्यात नशिबाचे फासे टाकून कामगार पाठवायचे, हत्यारे झिजवायची, मोडायची आणि वर्षभराचे काम काही मिनिटांत चालवून पाहायचे, ही रीत निघाली. उलाम आणि फॉन नॉयमन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अलामॉस येथे अणुविज्ञानासाठी ती वापरली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस शेफील्डच्या युनायटेड स्टील कंपन्यांत के. डी. टॉकर याने ती पोलाद कारखान्याला लावली.

हत्यारांच्या बाबतीत या पद्धतीचा लाभ खराच आहे, तो नाकारणे शहाणपणाचे होणार नाही. स्वयंचलित यंत्राच्या साठ किंवा नव्वद घरांच्या पेटीत कोणती हत्यारे ठेवावीत, एका हत्याराची जोडीदार प्रत केव्हा तयार असावी, हत्यार मोडेपर्यंत वाट पाहावी की ठरावीक मिनिटांनंतर ते बदलूनच टाकावे, या प्रश्नांची उत्तरे खऱ्या यंत्रावर प्रयोग करून शोधणे महाग आणि धोक्याचे असते. प्रतिरूपावर मोडलेले हत्यार उडून कोणाच्या डोळ्यात जात नाही. वेळेवर हत्यार बदलण्याचे धोरण किफायतशीर आहे असे प्रतिरूपाने दाखविले, तर त्यात कामगाराची सुरक्षितताही आहे.

पण प्रतिरूपात जे घातले जाते तेवढेच त्यातून निघते. एक अगदी घरगुती गोष्ट घ्यावी. बहुतेक यंत्रशाळांत कामगारांच्या खणांतून चांगल्या धारेची चार-दोन ड्रिल्स, जपून ठेवलेला एखादा कटर सापडतो. व्यवस्थापक याला साठेबाजी म्हणतात, आणि प्रतिरूपात हे नग ‘हरवलेला साठा’ म्हणून येतात. मग उत्तर येते की खणांना बंदी घाला, झडत्या घ्या. वस्तुतः रेशनच्या दुकानात साखर केव्हा येईल याचा भरवसा नसला की गृहिणी एक डबा भरून ठेवते, तसाच हा प्रकार आहे. दुकान वेळेवर उघडू लागले की डबा आपोआप रिकामा होतो. टूल-स्टोअरवर भरवसा नाही हे मूळ कारण प्रतिरूपात घातले, तर खण हा रोग नसून लक्षण आहे हे त्याच संगणकावरून दिसेल. ते घालण्याचे सुचणार कोणाला? ज्याने कधी रिकाम्या हाताने खिडकीवरून परत यावे लागल्याचा अनुभव घेतला आहे त्याला.

ही गोष्ट ज्या माणसाच्या ध्यानात सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे आली तो स्वतः सिम्युलेशनच्या जनकांपैकी एक होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. नॉर्वेचे क्रिस्टेन न्यूगोर यांनी ओले-योहान दाल यांच्यासह साठीच्या दशकात ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ‘सिम्युला’ ही संगणकभाषा रचली. १९६५च्या सुमारास ती चालू झाली; १९६७ साली तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अनेक संगणकभाषांची मूळ कल्पना तिच्यातून आली, आणि त्यासाठी या दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी दोघेही निवर्तले. सिम्युला तयार झाली ती मात्र कारखाने, रांगा आणि उत्पादनाचे प्रवाह यांची प्रतिरूपे करण्यासाठी.

न्यूगोर यांना लवकरच दिसून आले की या प्रतिरूपांच्या आधारे ज्यांच्या कामाची घडी मोडून नवी बसविली जाते त्या माणसांना त्यात काही बोलण्यास वावच नाही. असे काही शास्त्रज्ञांना अधूनमधून दिसते; ते खेद व्यक्त करतात आणि पुढच्या संशोधनाकडे वळतात. न्यूगोर नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेकडे गेले. १९७१ ते १९७३ या काळात त्यांनी संघटनेसाठी एक प्रकल्प चालविला. आरंभी त्याचे स्वरूप नेहमीचे होते: तज्ज्ञांनी पाहणी करायची, अहवाल लिहायचा, संघटनेने तो स्वीकारायचा. थोड्याच दिवसांत ही दिशा चुकीची ठरवून त्यांनी ती बदलली. संघटनेने स्वतः, स्थानिक वा मध्यवर्ती पातळीवर, जी कृती केली तेच प्रकल्पाचे फलित मानायचे, असे ठरले. निरनिराळ्या कारखान्यांतील कामगारांनी अभ्यासगट केले, नियोजन आणि संगणक यांवरची पाठ्यपुस्तके कामगारांसाठी लिहिली गेली, आणि आपल्या कारखान्यात काय येऊ घातले आहे याचा तपास कामगारांनी स्वतः केला.

त्यातून १९७५ साली नॉर्वेच्या कामगार महासंघात आणि मालकांच्या महासंघात संगणकव्यवस्थांविषयी राष्ट्रीय करार झाला. त्याच्या तीन अटी आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. नवी व्यवस्था आणण्यापूर्वी, निर्णय होण्याआधी, कामगार प्रतिनिधींना माहिती द्यावी. ती तज्ज्ञ नसलेल्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावी. आणि या विषयासाठी कामगारांना आपला वेगळा प्रतिनिधी निवडता यावा, त्याला शिक्षण मिळावे. १९७७च्या कार्यपरिसर कायद्यानेही या हक्कांना बळ दिले. स्वीडन आणि डेन्मार्क येथील संघटनांनी याच वाटेने पुढे आपले प्रकल्प केले.

नॉर्वेत यामुळे स्वर्ग अवतरला असे मुळीच नाही. माहितीचा हक्क मिळाला म्हणून निर्णयावर वजन पडतेच असे नाही, आणि कामगारांचा प्रतिनिधी तांत्रिक गोष्टींत इतका बुडून जाऊ शकतो की तो आपल्या सोबत्यांपेक्षा इंजिनिअरांचीच भाषा बोलू लागतो. शिवाय तेथील संघटना एकसंध, सदस्यसंख्या मोठी, सरकार मजूर पक्षाचे. आपल्याकडे एका गेटवर तीन युनियनचे तीन फलक आणि आत अर्ध्याहून अधिक माणसे कंत्राटदाराची, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. तरीही दुसऱ्या अटीसाठी, समजेल अशा भाषेसाठी, कोणत्याही बलाढ्य संघटनेची गरज नाही. ती मागण्याची बुद्धी व्हावी लागते.

आपला कायदा या बाबतीत काय देतो? १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली ९-अ हे कलम आले आणि चौथ्या परिशिष्टातील बाबींत बदल करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची सूचना देणे बंधनकारक झाले. त्या परिशिष्टात यंत्रसामग्री व तंत्र यांचे सुसूत्रीकरण वा सुधारणा यांचाही उल्लेख आहे, पण ज्यामुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे अशा सुधारणेपुरताच. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने हीच तरतूद त्याच शब्दमर्यादेसह पुढे चालविली. म्हणजे माणूस कमी होणार असेल तर सूचना. माणूस तोच राहून त्याचा वेग, त्याची वाट पाहणी, त्याच्या नावावर लागणारी मोडतोड बदलणार असेल तर सूचना नाही. टूल-स्टोअरची नवी व्यवस्था बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडते. संविधानात १९७६ साली घातलेले ४३-अ हे कलम व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाची ग्वाही देते; ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे न्यायालयातून बजावून घेता येत नाही, आणि त्याची आठवण १ मेच्या भाषणांपलीकडे फारशी होत नाही.

दरम्यान बदल थांबलेला नाही. काही मोठ्या कारखान्यांत टूल-स्टोअरची खिडकीच नाहीशी झाली आहे. तिच्या जागी एक यंत्र उभे असते. कामगाराने आपले कार्ड दाखवावे, कप्पा उघडतो, इन्सर्ट घ्यावा. रांग कमी होते ही चांगलीच गोष्ट. पण कोणी, केव्हा, कोणत्या कामासाठी किती इन्सर्ट घेतले याची माणसागणिक नोंद त्या यंत्रात राहते आणि ती नोंद पुढच्या प्रतिरूपाचा कच्चा माल होते. कोठे कोठे हत्यारांचा सारा कारभारच पुरवठादार कंपनीकडे दर नगामागे ठरावीक रकमेवर सोपविलेला असतो. अशा वेळी वेग कोणी वाढविला आणि झीज कोणाच्या खात्यावर पडली, हे विचारायचे तरी कोणाला? मालक पुरवठादाराकडे बोट दाखवितो, पुरवठादार करार दाखवितो.

म्हणून मागणी नेमकी करावी लागेल. संगणक नको, प्रतिरूप नको, अशी मागणी कोणी करू नये. ती टिकणार नाही आणि टिकावी असेही नाही. ज्या प्रतिरूपाच्या आधारे वेग, नेमणुका किंवा हत्यारांचा कोटा ठरला, त्यातील गृहीतके मराठीत लिहून वर्क्स कमिटीपुढे ठेवावीत. वाट पाहण्याच्या तासाला कोणती किंमत धरली, वेग बदलल्यास हत्याराचे आयुष्य किती धरले, मोडतोडीचे अपेक्षित प्रमाण किती धरले, एवढे तीन आकडे प्रथम मागावेत. अपेक्षित प्रमाण लिहून दिलेले असले की त्या प्रमाणातली मोडतोड कोणाच्याही वेतनातून कापता येणार नाही. नगावर मजुरी असेल तेथे खिडकीपाशी गेलेला वेळ वेगळा मोजून त्याची भरपाई करारात घालावी; म्हणजे प्रतिरूपातला तो शून्य आपोआप पुसला जाईल आणि दुसरा कारकून मालकालाच स्वस्त वाटू लागेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या लहान कारखानदारालाही यातून लाभच आहे, कारण त्याच्याकडे असे हिशेब करण्यास माणूस नसतो आणि मोठ्या गिऱ्हाइकाने ठरविलेला वेग तो निमूटपणे खाली ढकलतो. लघुउद्योगांसाठी सरकारने चालविलेली टूल-रूम केंद्रे आहेत. छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम हे त्यांपैकीच एक. सार्वजनिक पैशावर चाललेल्या या संस्थांनी कारखानदारांच्या मुलांना आणि नोकरीच्या शोधातल्या तरुणांना शिकवावेच, पण कामगार प्रतिनिधींसाठी पंधरा दिवसांचा एक वर्ग चालविण्यास त्यांना कोणता अडथळा आहे?

तोवर पक्षाच्या अभ्यासवर्गात हे काम संगणकाशिवायही सुरू करता येईल. एक फासा, पाच चिठ्ठ्या आणि एक फळा पुरे. प्रत्येक मिनिटाला फासा टाकावा. एक पडला तर एक कामगार खिडकीवर आला असे धरावे. खिडकीपाशी कोणी असेल तर पाच चिठ्ठ्यांतून एक उचलावी आणि परत टाकावी. खूण केलेली चिठ्ठी आली तर त्या मिनिटाला एकाचे काम झाले. अशी दोन-तीन पाळ्यांची मिनिटे सर्वांनी वाटून घेऊन रांगेची लांबी फळ्यावर लिहीत जावे. मग दोन कारकून बसवून तेच पुन्हा करावे. तिसऱ्या खेपेला प्रत्येकाने वाट पाहण्याच्या एका तासाची आपल्या मते योग्य किंमत कागदावर लिहावी, आणि जो कार्यकर्ता मालकाची भूमिका घेईल त्यानेही आपली किंमत लिहून तो कागद फळ्याशेजारी लावावा.